जित्या माणसाचा कडू घास

फौजेतले नाईक लालासाहेब यांची दिवाळीची रजा रद्द झाल्याचं पत्र आष्ट्याजवळच्या वस्तीवर आलं, आणि त्यांची बायको अंजना जेवायची थांबली. साल चौऱ्याहत्तर. मागची दिवाळीही अशीच गेली होती.

मयत झालं तर काय करायचं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रजा रद्द झाली तर काय करायचं, याची रीत कुणी घालून दिलेली नाही. त्यामुळं सगळ्यांनी समजूत काढली.

सासरे आकाराम म्हणाले, "देशाचं काम हाय, पोरी."

सासू मनुबाई म्हणाली, "उपाशी ऱ्हाऊन काय गाडी येती व्हय?"

शेजारची बनुबाई म्हणाली, "आमचं धनी बारा म्हैनं रजेवरच हायती. पायजे तर ठिवून घ्या."

तिघांचंही म्हणणं बरोबर होतं. अंजना चुलीपुढं तशीच बसून राहिली.

त्यांच्या चार वर्षांच्या लेकीचं, हरणाचं, शिक्षण मात्र वेगळं झालं होतं. मनुबाई पंचक्रोशीतलं एकही मयत चुकवत नसे, आणि आई शेतात भांगलणीला गेल्यावर नातीला सांभाळायला दुसरं कुणी नसे. त्यामुळं हरणा आजीच्या मांडीवर बसून सगळं बघे. तिथं रडणाऱ्याला कारण विचारत नाहीत. जवळ बसतात, पाठीवर हात फिरवतात, पाणी देतात आणि शेजारून आलेल्या भाकरीचा घास तोंडापुढं धरतात. त्याला कडू घास म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरणानं पाण्याचा तांब्या आणला. निम्मा वाटेत सांडला. आईच्या पाठीवर हात फिरवला. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तिच्या तोंडापुढं धरला आणि पोक्त बाईसारखी म्हणाली, "खा गं बाई. गेल्यालं मानूस काय माघारी येतंय व्हय?"

मनुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं भवाने! जित्ता हाय तुजा बा!" म्हणत ती हात उगारून धावली.

अंजनानं पोरीला जवळ ओढलं आणि बोटांसकट घास तोंडात घेतला. चावला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

मनुबाई मटकन खाली बसली. "माजं लेकरू..." एवढंच बोलली. दोन वर्षांत या बाईनं लोकांच्या दारात कितीदा गळा काढला असेल. स्वतःच्या लेकासाठी रडायला तिला कारणच गावलं नव्हतं.

हरणानं उरलेलं पाणी आजीपुढं ठेवलं.

"मला कशाला गं? मी कुटं रडतीया?"

अशा वेळी वाद घालायचा नसतो. हरणा गपचूप तिच्या पाठीवर हात फिरवू लागली.

अंजनानं भाकरीची दुरडी पुढं सरकवली. "आत्याबाई, तुमीबी दोन घास खावा."

"कालवण ऊन कर आदी," पदरानं डोळे पुसत मनुबाई म्हणाली.