न पुसलेला हात

जैबुनबीला लेकरं दोन, पण जीव अडकलेला एकातच. धाकटा शब्बीर म्हणजे तिच्या काळजाचा तुकडा. थोरली रौशन आपली घरात होती म्हणून होती. आयाही डावंउजवं करतात, कबूल कोणी करत नाही एवढंच.

बासष्ट सालच्या हिवाळ्यात बोरी अरबला सरकारी लस टोचणारे वामनराव देवी काढायला आले. दोन्ही लेकरांच्या दंडावर लस टोचून त्यांनी बजावलं, हात पुसू नका. फोड येईल, ताप येईल, येऊ द्या. ही लस म्हणजे देवीची साधी बहीण. अंग तिच्याशी झुंजून तिचा चेहरा ओळखून ठेवतं, मग खरी आली की उंबऱ्यावरूनच हाकलतं.

जैबुनबीने ऐकलं ते तापाचं. तीन-चार दिवसांवर पुसदला भावाचं लग्न, आणि तापलेला शब्बीर मोटारीतून न्यायचा कसा? वामनराव वळताच तिने ओल्या फडक्याने त्याचा दंड खसखसून पुसला, वर राख लावली. गल्लीतल्या बायका असंच करत. रौशन घरीच राहणार होती, तिच्या हाताकडे कोण बघतो? पोरीला फोड आला, ती तापाने फणफणली, खपली पडली. शब्बीरच्या दंडावर काहीच उठलं नाही.

उन्हाळ्यात खरी देवी आली. भावंडं एकाच गोधडीत निजत. शब्बीर फोडांनी भरला आणि दुसऱ्या जुम्म्याच्या आत गेला. रौशनला काही झालं नाही.

वामनराव पुन्हा आले तेव्हा सायकली दुरुस्त करणारा जब्बार, शब्बीरचा बाप, गल्लीत आडवा उभा राहिला.

"याच्या लसीनं माह्या पोराचं काय भलं झालं? तुमी कायले टोचून घेता?"

बायकांनी लेकरं आत ओढली, दारं लागली. जैबुनबी आतून ऐकत होती. बोललं तर नवऱ्याच्या नजरेतून कायमचं उतरायचं. गप्प बसलं तर आणखी कोणाची तरी कूस रिकामी. रौशनला धरून ती बाहेर आली, पोरीची बाही सारून खोल वण दाखवला.

"लसीनं हिच्या अंगाले देवीची ओळख पटली, म्हून हे जित्ती हाये. शब्बीरचा हात म्या पुसला होता."

जब्बार वाटेतून बाजूला झाला. हळूहळू एकेक दार उघडलं, बायका लेकरं घेऊन वामनरावांपुढे आल्या.

रौशन आईकडे बघत होती. तिने साधंच विचारलं.

"अम्मा, माहा हात काहून नाही पुसला?"

जैबुनबी तो वण चाचपत राहिली. उत्तर तिला ठाऊक होतं: त्या दिवशी या हाताकडे तिने बघितलंच नव्हतं.