गुडघ्यांखालची फळी

मित्रांनो, सरळ बसून ऐका. सानपाड्याच्या प्रार्थनागृहात वेदीसमोर गुडघे टेकण्यासाठी जी बुटकी, लांब फळी आहे, ती जुनी सागवानी फळी मी. नव्वदच्या दशकाच्या आरंभी घणसोलीच्या शिवा सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले. त्या वेळी आमची ख्रिस्ती मंडळी भाड्याच्या खोलीत भरे. महापे येथील कारखान्यांतली माणसे पाळी संपवून थेट येत आणि अंगाचा सारा भार माझ्यावर टाकून गुडघे टेकत. त्यांतल्याच कोंडिबाने दारू सोडली, ती माझ्यावर डोके ठेवून, ओक्साबोक्शी रडून. त्या आसवांचे डाग मी दागिन्यासारखे मिरवले.

पुढे स्वतःची इमारत झाली, पंखे आले, आणि रावसाहेब मंडळीचे मुख्य पंच झाले. ते आधी रुमाल अंथरत, मग विजारीची इस्त्री सांभाळत अलगद टेकत. एकदा मंडळीतल्या मार्थाबाई म्हणाल्याच, "रावसाहेब, एवढे अधांतरी कशाला? देव काय इस्त्री बघतो?"

रावसाहेबांची आजारी आई धाकट्या भावाच्या, हौसेरावाच्या, घणसोलीतल्या एका खोलीत होती. थोरल्याच्या प्रशस्त घरात तिच्या खोकल्याने पाहुण्यांची अडचण होई. त्यावरून भावांत अबोला होता.

आमच्याकडे रीत आहे. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला देण्यापूर्वी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, क्षणभर थांबतात. ज्याचे भावाशी बिनसले असेल, त्याने आधी समेट करावा. एका रविवारी त्या शांततेत हौसेराव उठून पुढे आला. रावसाहेब माझ्यावर टेकलेले होते.

"दादा, मी तोडून बोललो, माफ कर. पण आईचं काही खरं नाही. तुझंच नाव घेते. आत्ता चल."

"हौसा, उपासना चालू आहे. शिस्त कळते का?"

"तुला आई कळते का?"

"नंतर पंचांची सभा आहे. संध्याकाळी बघू."

हौसेराव भाकर न घेताच निघून गेला. रावसाहेबांनी डोळे मिटून भाकर घेतली, प्याला घेतला, लांबलचक प्रार्थनाही केली. दुपारीच आई गेली.

महिन्याभरात त्यांनी माझ्यावर लाल मखमली गादी ठोकवली. वर पितळी पट्टी, ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’. मंडळींनी वाहवा केली. हौसेराव पुन्हा फिरकला नाही. आता कोण टेकतो आणि कोण टेकल्याचे सोंग करतो, हे मला गादीखालून कळतही नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, मखमल नको. घरी कोणी तुमची वाट पाहत असेल, तर भर उपासनेतून उठून जा. मी लाकूड आहे, थांबेन. आई थांबली नाही.