माझ्या नावाने शिव्या देऊ नका

मी घोयरा सरडा बोलतोय, आणि चांगला तापून बोलतोय. कुणी शब्द फिरवला की तुम्ही लगेच म्हणता, "सरड्यासारखा रंग बदलला." अरे, मी तुमचं काय घोडं मारलंय?

जन्म माझा केम गावच्या शिवारातला. आईने मातीत अंडी पुरली आणि ती निघून गेली. मातीतून वर आलो, तेव्हापासून बांधावरची बोर हेच माझं घर. मुलांनो, आता रंगाचं ऐका. माझ्या कातडीत इवल्या इवल्या स्फटिकांचे थर आहेत. मी निवांत असलो की ते दाटीने बसतात आणि मी हिरवा दिसतो. चवताळलो की ते पांगतात आणि पिवळा रंग उमटतो. कातडीत काळा रंगही आहे, भीतीने तो पसरला की मी काळवंडतो. थंडीत काळा होऊन ऊब घेतो, उन्हात फिकट होऊन जीव वाचवतो. अंगाखाली काय अंथरलंय ते बघून मी रंग बदलत नाही.

पण हे जोतिरामला कोण सांगणार? गावचे पुढारी उदयसिंह पुन्हा पक्ष बदलून बसले, म्हणून त्याने चार माणसं जमवून मोर्चा काढला. मला बोरीवरून ओढलं, कमरेला सुतळी बांधली आणि पुढाऱ्यांच्या फाटकापाशी नेलं. तिथे आधी जुन्या पक्षाच्या झेंड्यावर ठेवलं, मग नव्या पक्षाच्या. मी झेंड्याच्या रंगाचा होऊन दाखवीन, असं त्याला वाटलं होतं. मी भीतीने काळाठिक्कर पडलो. "हे बेणं बदलंना की," म्हणत त्याने मला काडीने टोचलं.

इतक्यात आतून चहाचं बोलावणं आलं. मला लोखंडी फाटकाला बांधून सगळे आत गेले. फाटक तव्यासारखं तापलेलं. मी फिकट, आणखी फिकट होत गेलो. तोंड कोरडं पडलं. आता काही मी वाचत नाही, असं वाटलं.

सगळे बाहेर आले ते नव्या पक्षाची उपरणी गळ्यात घालून. सकाळी घसा फोडणारा जोतिराम सगळ्यांत पुढे. मला बघून हसला आणि म्हणाला, शेवटी बदललंच की हे. असा संताप झाला माझा! मी उन्हाने बदललो होतो. हे चहाने बदलले होते.

त्याला शोधत त्याची आई, वच्छलाबाई, तिथे आली होती. तिने उपरणं पाहिलं, मग मला पाहिलं.

"जोत्या, त्या मुक्या जिवाला सोड आदी," ती म्हणाली. "आन् ती सुतळी आता कुनाच्या कमरंला बांधू, सांग की."

जोतिराम खाली वाकून गाठ सोडू लागला. वच्छलाबाईनेच मला पदरात घेऊन बोरीवर नेऊन ठेवलं. सुतळीचा वळ अजून कमरेवर आहे, आणि रागही अजून गेलेला नाही. लबाडाला लबाड म्हणा, मुलांनो. त्याला माझं नाव कशाला देता?

गाठ सोडताना जोतिरामचे कान लालबुंद झाले होते. आत लाज वाटली, ती बाहेर दिसली. म्हणायचंच असेल, तर त्याला तेवढ्या घटकेपुरता सरडा म्हणा.