यंदाचा कोल्हा

शहापूरच्या हॅम रेडिओ क्लबात दरवर्षी ‘कोल्हा’, म्हणजे छोटा ट्रान्समीटर, लपवतात. दुपारच्या जेवणाआधी जो कोल्हा शोधेल, त्याच्या गच्चीवर क्लबची मोठी अँटेना वर्षभर राहते. कुणालाच सापडला नाही तर लपवणाऱ्याच्या. गेली काही वर्षं ती दिपेशकडेच होती. यंदा लपवायची पाळी मितालीची होती, आणि तिला ती अँटेना हवीच होती.

मुरबाडच्या माळावर तिने कोल्हा सासूबाईंच्या, कमळाबाईंच्या, कापडी पिशवीत, कागदी कपांखाली ठेवला. कमळाबाई पिशवी खांद्याला लावून किटलीतून सगळ्यांना चहा देत फिरू लागल्या.

दिपेशच्या हातातली सिग्नलची दिशा दाखवणारी छोटी अँटेना पुन्हापुन्हा त्यांच्याकडेच वळू लागली.

“किटलीवरून लहरी परावर्तित होतायत,” तो म्हणाला. “मावशी, तुमी जरा लांब जा ना.”

“जाते रे बाबा.”

त्या गेल्या, तसा सिग्नलही मंदावला.

“बघ, किटलीच होती!”

“अभ्यास दांडगा हाय तुझा,” मिताली गंभीरपणे म्हणाली.

जेवणाची वेळ झाली तरी कोल्हा कुणालाच सापडला नाही. संध्याकाळी दिपेशच्या गच्चीवर मोठ्या अँटेनाचा शेवटचा बोल्ट सुटल्यावरच तिने कोल्ह्याची जागा सांगितली.

“पिशवीत? चालत्या?” खाली शिडी धरलेला दिपेश ओरडला.

“कोल्ह्यानं चालू नये, असं नियमात कुठं हाय? शिडी नीट धर रे.”