बघू, म्हणजे बाकारझ

गुरुवारी दुपारी नेर्मीन आमच्या दारात उभी राहिली ती आन्सरिंग मशीन काखोटीला मारून. वायर मागे जिन्यावर लोळत होती.

"आब्ला, हे ऐक आणि सांग. येणार की नाही येणार?"

आब्ला म्हणजे ताई. नेर्मीन आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मूळची तुर्कस्तानातल्या इझमिरची. नवरा गेल्यावर मुलीकडे इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आली. आमची ओळख लायब्ररीतल्या फुकटच्या इंग्रजीच्या वर्गात झाली. मला तिच्यापेक्षा जास्त येतं असा तिचा समज आहे आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. माझं इंग्रजी टीव्हीवर, कूपनांवर आणि लायब्ररीतून परत परत आणलेल्या वाक्प्रचारांच्या कोशावर पोसलेलं. पेटीही मी अशीच शिकले, शेजारच्यांची शिकवणी भिंतीला कान लावून.

मशीन मिक्सरशेजारी लावलं. आतून एक गोड आवाज आला. "हाय नेर्मीन, कॅरल बोलतेय, काइलची आई. रविवारी यायला आम्हाला फार आवडेल. लेट्स प्ले इट बाय इअर, ओके? बाय-बाय."

नेर्मीन माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

गोष्ट अशी होती. तिची मुलगी देफ्ने इथे नर्स आहे. तिने आणि काइलने लग्न ठरवलं होतं. नेर्मीनची काइलबद्दल तक्रार नव्हती. न सांगता बूट काढतो, चहा दुसऱ्यांदा मागून घेतो. पण मुलाच्या आईवडिलांनी घरी येऊन रीतसर मुलगी मागितल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती. "न मागता दिली तर ती मुलगी कसली, दुकानातली पिशवी," ती म्हणायची. रविवारी मागणी होणार, असं तिने इझमिरला थोरल्या भावाला कळवूनही टाकलं होतं.

"देफ्नेला विचार ना," मी म्हटलं.

"तिचीच सोयरीक आणि तिलाच विचारू? मी अजून जिवंत आहे."

हे मला पटलं. मी कोश काढला. कानाने वाजवणे. आधी काही न ठरवता, वेळ येईल तसं पाहून घेणे. तिनेही पिशवीतून आपला छोटा तुर्की कोश काढला. त्यातही तेच. परिस्थिती पाहून वागणे.

"म्हणजे येणार," ती म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विचारलेलं असताना गप्प बसणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही.

"पुस्तकात तसं आहे ग. व्यवहारात वेगळं असतं. आमचा अनीश स्टेट कॉलेजला शिकतो. दिवाळीला येतोस का विचारलं की म्हणतो, आई, लेट्स प्ले इट बाय इअर. उन्हाळ्यातही तेच, नाताळातही तेच. वाजवणारा काही अजून घरी आलेला नाही."

"मग तुम्ही याला काय म्हणता?"

"बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही बघणार. पण बघत कोणी नाही. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून बघू म्हणायचं. समोरच्यानेही ओळखायचं आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही."

नेर्मीन हळूच खुर्चीवर बसली. "बाकारझ," ती म्हणाली. "आमच्यातही अगदी हेच. बाकारझ, बघू. मी माहेरी जाऊ का विचारलं की सासू म्हणायची, बाकारझ. मग मी बॅग परत माळ्यावर टाकायची."

दोन भाषांचं असं एकमत झाल्यावर बिचाऱ्या इंग्रजीला कोण विचारतो.

रविवारसाठी केलेलं बकलाव्याच्या वड्यांचं ताट तिने त्याच संध्याकाळी, काही न सांगता, देफ्नेबरोबर हॉस्पिटलात पाठवून दिलं, वॉर्डात वाटायला. भावाला फोन करून सांगितलं की पाहुणे बाकारझ म्हणाले. तोही समजला. देफ्नेची रविवारी ड्यूटी होती; नेर्मीनला घरी एकटीने बसून दाराकडे बघायला लागू नये, म्हणून रविवारी आमच्याकडेच ये, असं मी म्हटलं. मशीन आमच्या ओट्यावरच राहिलं. नको ग ते घरात, म्हणाली.

रविवारी सकाळी बर्फ पडायला लागलं. मार्च होता, पण मिनेसोटात मार्चला कोणी वसंत म्हणत नाही. मी पोहे भिजवले, कांदे चिरले. आमचे हे, म्हणजे मोरेश्वर, खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. नेर्मीन मटार सोलत होती, शेंगांशी भांडण झाल्यासारखी.

"खाली कोणीतरी ट्रक लावलाय," मोरेश्वर म्हणाले. "बाई हातात टॉवेलात गुंडाळून काहीतरी घेऊन उभी आहे. बाळ असावं."

नेर्मीन उठून खिडकीशी गेली आणि तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. देफ्नेने दाखवलेल्या फोटोतली माणसं तिने ओळखली.

"आब्ला, माझ्या घरात काही नाही. साखरसुद्धा नाही. सोफ्यावर कपडे आहेत."

"इथेच बोलाव."

"मुलगी मागायला? तुझ्या घरी?"

"मग काय पार्किंगमध्ये मागणार?"

मोरेश्वर खाली जाऊन त्यांना घेऊन आले. काइलची आई कॅरल आणि वडील डेल. तीन तास उत्तरेला त्यांचं शेत. निघताना फोन केला होता, म्हणाले, पण मशीन लागलं नाही. मशीन माझ्या मिक्सरशेजारी निवांत बसलेलं त्यांनाही दिसलं. मी त्याच्यावर फडकं टाकलं.

"बर्फाचं काही सांगता येत नव्हतं हो," कॅरल म्हणाली. "म्हणून तसा निरोप ठेवला. रस्ता उघडा असेल तर निघू म्हटलं."

सहा हिवाळे काढले मी इथे. इथली माणसं हवामानाला विचारल्याशिवाय दूध आणायलाही बाहेर पडत नाहीत, हे मला माहीत होतं. नेर्मीनने माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

टॉवेलात बाळ नव्हतं, बटाट्यांचं हॉटडिश होतं, ओव्हनमध्ये भाजलेलं गरम पातेलं. काइलने आईला बजावलं होतं, डुक्कर नको, गायही नको. बिचाऱ्याने तुर्कांचे आणि आमचे नियम एकत्र करून टाकले होते. कांदेपोह्यांवर मी खोबरं, कोथिंबीर घातली. डेलने दोनदा घेतले. मग रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलला, मग हरणांबद्दल, मग मोरेश्वरांना ट्रकचं मायलेज सांगितलं. नेर्मीन ताठ बसली होती. तिच्या प्लेटमधला एक दाणा हलला नव्हता. जेवून, हात पुसून ही माणसं अशीच उठून जाणार, अशी मला धास्ती बसली.

कॅरलने नवऱ्याला कोपराने ढोसलं. डेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा साफ केला आणि काहीतरी लांबलचक म्हणाला. मला ते तुर्की वाटलं. नेर्मीनला इंग्रजी वाटलं असावं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं.

"वाटभर हेच म्हणत होता," कॅरल म्हणाली. "काइलने शिकवलंय. शेवटी मी रेडिओ लावला."

डेलने पुन्हा म्हटलं, या वेळी हळूहळू, शब्द बोटांवर धरून. देवाच्या आज्ञेने आम्ही तुमची मुलगी मागतो, असं काहीतरी ते होतं. नंतर नेर्मीननेच सांगितलं. त्या क्षणी मला इतकंच दिसलं की तिची हनुवटी थरथरली आणि तिने ती पदर असता तर पदराने झाकली असती.

आता तिने हो म्हणायचं. पण मुलीच्या आईने पहिल्या फटक्यात हो म्हणणं बरं दिसत नाही, इझमिरला काय आणि आमच्याकडे काय. तिने डोळे टिपले, मान उंच केली आणि गंभीरपणे म्हणाली, "बाकारझ."

तिघेही माझ्याकडे वळले. भाषांतर माझ्याकडेच होतं.

त्या शब्दाला माझ्याजवळ एकच इंग्रजी होतं. मी म्हटलं, "ती म्हणतेय, लेट्स प्ले इट बाय इअर."

"अरे वा, छानच," कॅरल म्हणाली. तिच्या लेखी तो होकारच होता. ती उठून नेर्मीनच्या गळ्यात पडली. नेर्मीनला दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. तिने कॅरलच्या खांद्यावरून पाहत मला डोळ्यांनी विचारलं, हे काय झालं? मी हाताने खूण केली, झालं तुझं काम. ती मग तिथेच, मिठीतल्या मिठीत, हसायला लागली. इझमिरला भावाला फोन आमच्याच फोनकार्डावरून झाला.

संध्याकाळी अनीशचा फोन आला. मी विचारलं, "सुट्टीत येतोस का रे?"

"आई, लेट्स प्ले इट बाय इअर, ओके?"

"ओके," मी म्हटलं. तिकडे बर्फाचं कसं काय आहे, तेही विचारलं. तो जरा गोंधळला.

फोन ठेवून मी मोरेश्वरांना म्हटलं, "त्याच्या खोलीतलं ते ट्रेडमिल बाहेर काढा. पलंगाला जागा हवी."

त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

"बघू," म्हणाले.