रंगाखालचा बिघाड

मित्रांनो, बेंबळीच्या शिवारात रोपवाटिकेच्या कुंपणाला टेकून एक बुटका ट्रॅक्टर उभा आहे. तो मी. माझं सीट उंदरांनी कुरतडलंय, पुढच्या चाकात हवा नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार थकलोय. तरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

अठ्ठ्याहत्तर साली इथल्या शेतकऱ्यांनी फळरोपांची सहकारी संस्था काढली आणि मला आणलं. मोठा ट्रॅक्टर रोपांच्या ओळींत शिरत नाही, म्हणून माझी निवड झाली. माझा ड्रायव्हर श्रीपती. पन्नाशीचा, कमी बोलणारा, अर्धं आयुष्य बैल हाकण्यात घालवलेला. सकाळी सेल मारून मला सुरू करण्याआधी तो बॅटरीचं पाणी बघायचा, वायरींवरून फडकं फिरवायचा. बैलाच्या खुरात काटा रुतलाय का बघावं, तसा.

सात वर्षं मी नांगरलं, खत वाहिलं, बोरीची आणि डाळिंबाची रोपं गावोगाव पोचवली. मग संस्थेचा वर्धापनदिन आला. चेअरमन आण्णासाहेबांनी मला लालभडक रंग दिला. रंगाऱ्यानं बॅटरी काढली, वायरी सोडल्या, अंगभर दोन हात मारले आणि सगळं परत जोडलं. माझ्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी आजारी पडलो. श्रीपती सेल दाबायचा आणि माझ्यातून नुसती ‘टक्’ निघायची. रात्रभर विसावलेली बॅटरीसुद्धा मला जागं करू शकेना. मला कसंतरी वाटायचं, पण कुठं दुखतंय ते मलाही कळत नव्हतं.

नेमका तो दुष्काळाचा उन्हाळा होता. रोपवाटिकेची विहीर आटली होती. दोन कोसांवरच्या ओढ्याकाठच्या विहिरीतून मी ट्रॉलीत चार बॅरल पाणी आणायचो. दोन रोपांना, दोन तिथं राबणाऱ्या बायकांच्या वस्तीला. श्रीपती मला नेहमी उतारावर उभा करायचा. सेल लागला नाही, तर उतारावरून सोडून गिअरमध्ये टाकायचा आणि मी सुरू व्हायचो.

आण्णासाहेबांनी नवी बॅटरी आणली. आठवड्यात पुन्हा नुसती ‘टक्’. डायनॅमो उस्मानाबादला नेऊन त्यात नवी तार भरून आणली. तरी तेच. मग एके सकाळी बायका घागरी घेऊन उभ्या असताना ते वैतागून म्हणाले, “श्रीपती, तुझा हातच जड हाय. सेल दाबून दाबून दोन बॅटऱ्या खाल्ल्यास. उद्यापासून येऊ नको.”

श्रीपतीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आण्णासाहेब पाठ फिरवून चालू लागले होते. त्यानं किल्ली माझ्या सीटवर ठेवली आणि तो घरी गेला.

माझ्यावर आण्णासाहेबांचा पुतण्या बसू लागला. पोरगा वाईट नव्हता, पण उताराचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विहिरीशेजारच्या खोलगट जागी बंद केलं. बॅरल भरले, सेल दाबला. टक्. ट्रॉली सोडूनही मला त्या खड्ड्यातून वर ढकलणं कुणालाच जमेना. आठ दिवस मी तिथंच पडून होतो. बायका डोक्यावर घागरी घेऊन दोन कोस चालल्या. त्यांनी आणलेलं पाणी लेकरांना पुरेना, तिथं रोपांना कोण घालणार?

नवव्या दिवशी चांगुणा त्या वाटेनं येत होती. रोपवाटिकेतली सगळ्यात जुनी मजूर. तिच्यासोबत तिच्या भावकीतला बब्रुवान होता, वीज मंडळात वायरमन. तो खाली उतरला. त्याच्याकडं एक छोटा बल्ब आणि दोन वायरी, एवढंच होतं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना वायरी लावल्या, बल्ब लखलखला. मग एक वायर तशीच ठेवून दुसरी माझ्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. बल्ब नुसता मिणमिणला.

“मावशी, बॅटरी चांगली हाय,” तो म्हणाला. “बॅटरीतनं अंगात येणारी वाट बंद झालीया.”

त्यानं बॅटरीपासून माझ्या सांगाड्याला जोडलेली पट्टी सोडली. तिच्याखाली लालभडक, जाडजूड रंग होता. वीज लोखंडाला नीट भिडतच नव्हती. चांगुणानं कमरेचं खुरपं काढलं आणि लोखंड चमकेपर्यंत जागा खरवडली. पट्टी घट्ट बसली. बोलावून आणलेल्या पुतण्यानं सेल दाबला आणि मी पहिल्या झटक्यात सुरू झालो.

संध्याकाळी आण्णासाहेब मला घेऊनच पाझर तलावाच्या कामावर गेले. तिथं श्रीपती दुष्काळी कामावर खडी फोडत होता.

“चल, उद्यापासून ये,” आण्णासाहेब म्हणाले.

श्रीपतीनं हातोडा खाली ठेवला. “येतो. पण माझा हात जड हाय, हे तुमी चार माणसांत बोललाव. ते चार माणसांतच मागं घ्या.”

दुसऱ्या सकाळी घागरींच्या रांगेपुढं आण्णासाहेब उभे राहिले. मान खाली होती. “चूक माझी झाली. श्रीपतराव, तुमचा काही दोष नव्हता,” ते म्हणाले. मग हळूच विचारलं, “पण तुम्हाला काही अंदाज होता का?”

“व्हय. रंग दिल्यापासनं हे सुरू झालं, तवा तिथंच कुठंतरी आसंल, असं वाटत हुतं. सांगणार हुतो. कुणी इचारलं न्हाय.”

 चांगुणानं घागर बॅरलखाली लावली.

तीन हजार रोपांपैकी निम्मी त्या आठ दिवसांत वाळून गेली होती. उरलेल्यांना श्रीपतीनं आणि मी पाऊस येईपर्यंत पाणी घातलं. पुढं चार वर्षं त्यानं मला चालवलं. मग त्याची नजर अधू झाली, संस्थाही मोडकळीला आली, आणि मी या कुंपणाशी आलो.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याचे सांधे वरचेवर पुसत जा, घट्ट करत जा. आणि ते अडलं, तर नवी बॅटरी आणायला धावू नका, कुणावर ओरडूही नका. जो रोज त्याच्यावर हात ठेवतो, त्याला जवळ बसवा आणि आधी विचारा.