पक्षीमित्राची कात्री

भाचीने लग्नाला होकार द्यायचा की नकार, हे त्या सकाळी तळ्यावर ठरणार होतं. "मावशी, तूही चल, म्हणजे तुला माणूस कळेल," ती म्हणाली. मला माणूस गाडीतच कळला. पण तिच्या मनात तो भरलेला दिसत होता, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

त्याच्या टोपीवर 'पक्षीमित्र' असं शिवून घेतलेलं. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, झुडपात दिसू नये म्हणून मळकट हिरवी पँट, आणि वर अत्तर इतकं की पलीकडच्या काठावरचे बगळेही शिंकावेत. उतरल्या उतरल्या आम्हाला उपदेश सुरू झाला. हळू बोला, पाय आपटू नका, तो लाल स्वेटर काढा. "निसर्गात आपण पाहुणे असतो. ढवळाढवळ करायची नाही."

भाची मान डोलावत होती. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे ती, रात्रपाळी संपवून तशीच आलेली. 'दमलीस का' एवढंही त्याने विचारलं नाही. कॅमेऱ्याची जड बॅग मात्र तिच्याच खांद्यावर.

तळं सुंदर होतं, त्यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं. पाण्यावर धुकं होतं, ऊन अजून कोवळं होतं. काठच्या झुडपात त्याला एक घरटं सापडलं. आत पिल्लं, म्हणजे नुसत्या उघड्या चोची. "पानं मध्ये येतायत," म्हणत त्याने खिशातून कात्री काढली आणि न्हाव्याने डोकं भादरावं तसं झुडूप भादरलं.

"अहो, त्यांचा आडोसा गेला की," मी म्हटलं.

"थोडी साफसफाई लागते, मावशी. प्रकाश यायला हवा."

प्रकाश आला. पाठोपाठ कावळाही आला.

भाची हात उगारून धावली. त्याने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तिचा दंड पकडला. "थांब. निसर्गात ढवळाढवळ करायची नसते." आणि फोटो काढत राहिला. कावळा एक पिल्लू घेऊन गेला. दुसऱ्यासाठी परत आला, तेव्हा तिने हिसडा देऊन दंड सोडवला, कावळ्याला हाकललं, आणि कापलेल्या फांद्या गोळा करून घरट्यावर खोचत बसली. मला त्या माणसाची शिसारी आली.

"फ्रेम घालवलीस. पण हा बघ, बक्षीस नक्की," त्याने तिला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. आता ही 'छान' म्हणते की काय, असं मला वाटलं. बॅग त्याच्या पायाशी ठेवून ती गाडीकडे चालू लागली.

गाडीत ती मागे, माझ्या शेजारी बसली.

"पुढे ये ना," तो म्हणाला. "अजून उत्तर दिलं नाहीस."

"दिलं की," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिने डोळे मिटले.

थोड्या वेळाने तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मावशी, हिचं बिनसलंय तरी काय?"

"हळू बोला," मी म्हटलं. "पोरगी झोपलीय."